हॉट वायर कटर, नोंद ३ : ओहम जुळले, वॅट फसले

गरम तारेने फोम कापायचं धनुष्य, म्हणजे तार ताणून धरणारी चौकट, तयार आहे. आता तारेला नेमके किती वॅट द्यायचे, ते ठरवायचं. तार नायक्रोमची (८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियम), २८ एसडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं ब्रिटिश माप), जाडी ०.३७६ मिमी, पितळी स्क्रूंमधली लांबी ४० सेंमी. नायक्रोमला साधं सोल्डर धरत नाही, म्हणून टोकं वॉशरखाली दाबून घेतली. हिशेबाने रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मीटरमागे ९.८ ओहम, म्हणजे इथे ३.९३.

मल्टिमीटरच्या २०० ओहम रेंजवर ४.४ आले. प्रोब एकमेकांना टेकवले तर ०.४, ते वजा जाता ४.०. दशांशाच्या एकाच घरावर याहून बारकावा मिळत नाही.

करंट सोडून मोजणं जास्त भरवशाचं. बेंच सप्लाय (व्होल्ट आणि करंट हवे तसे ठरवता येणारा वीजपुरवठा) १.५० अँपिअरवर बांधला, पडद्यावर ६.५९ व्होल्ट. भागाकार ४.३९ ओहम, म्हणजे चक्क बारा टक्के जास्त. प्रोब थेट स्क्रूंपाशी तारेवरच टेकवले, तेव्हा ६.०२ व्होल्ट, रोध ४.०१. मधले ०.५७ व्होल्ट बारीक क्रोकोडाइल वायरी खात होत्या, ०.८६ वॅट नुसते तिथे गरम होत होते. तारेला मिळालेले खरे वॅट ६.०२ × १.५० = ९.०३.

३.९३ चे ४.०१ झाले ते तापल्यामुळे. नायक्रोमचा रोध तापून फार वाढत नाही, म्हणून ही तार हिशेबाला सोपी. गाडीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या: पेटलेला ६.९ ओहम, थंड असताना मीटरवर एक ओहमही भरत नाही. थंड रोधावरून बल्बचे वॅट काढायला जाऊ नये.

आता खरी गंमत. बेंच सप्लाय काढून १२ व्होल्टचा एसएमपीएस (साधा ठरावीक व्होल्टचा वीजपुरवठा) आणि पीडब्ल्यूएम मॉड्यूल (करंट भराभर चालू-बंद करून वॅट कमीजास्त करणारी पट्टी) लावलं, वायरी जाड घेतल्या. ड्यूटी, म्हणजे करंट चालू असण्याचा वेळ, २५ टक्के. डीसी रेंजवर तारेच्या टोकांना ३.० व्होल्ट, करंट ०.७५ अँपिअर. रोध ४.० ओहम, अगदी बरोबर. पण गुणाकार फक्त २.२५ वॅट, आणि फोम तर आधीसारखाच कापला जातोय!

मीटर सरासरी दाखवतो. दोन सरासऱ्यांचा भागाकार जुळतो, गुणाकार जुळत नाही. करंट पाव वेळच वाहतो, पण तेव्हा पूर्ण ३ अँपिअर: १२ × ३ × ०.२५ = ९ वॅट. सोपा उपाय म्हणजे सरासरी व्होल्टेजला पूर्ण व्होल्टेजने गुणून रोधाने भागायचं: ३ × १२ ÷ ४ = ९. मीटरवरचे ९ वॅट गाठायला नॉब ५० टक्क्यांवर नेला, तर तारेत १८ जातात. फोम धुरकटतो आणि काप रुंद होतो. तो धूर नाकात जाऊ देऊ नका, खिडकी उघडी हवी.

करंट मोजून झाला की लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकातून काढून व्होल्टच्या भोकात घाला. तसाच ठेवून व्होल्टेज मोजायला गेलात तर तो सरळ शॉर्ट, आणि स्वस्त मीटरच्या त्या भोकाला बहुधा फ्यूजही नसतो.

सध्या २५ टक्के ड्यूटीवर २५ मिमी एक्सपीएस (घट्ट पॉलिस्टायरीन फोम) गुळगुळीत कापला जातोय. तापल्यावर तार सुमारे दीड मिलिमीटर लांबते आणि मध्ये झोळ पडतो, म्हणून पुढच्या नोंदीत एका टोकाला स्प्रिंग.