नऊ क्रूस आणि एक फुली

‘बॅनर’ म्हटले की पुण्यात वाढलेल्या माझ्या डोळ्यांपुढे चौकातील फ्लेक्सच उभा राहतो : मधोमध कानाला मोबाइल लावलेले भाऊ आणि खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. त्यामुळे न्यू जर्सीतील आमच्या शेजारच्या वयस्क बाईंनी, आपल्या एपिस्कोपल चर्चच्या (इंग्लंडच्या चर्चमधून निघालेला अमेरिकेतील ख्रिस्ती पंथ) बॅनरांची शिवण उसवली आहे, जरा हात लावाल का, असे विचारले तेव्हा मला क्षणभर हसूच आले.

तेथे टेबलावर पसरलेल्या पताकांवर एकही अक्षर नव्हते. जे सांगायचे ते रंग आणि आकृतीच सांगत होत्या. पांढरी नाताळ आणि ईस्टरची, जांभळी उपवासकाळाची, ज्वाळा आणि पारवा असलेली लाल पेन्टेकॉस्टची, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाची. हिरवी मात्र जवळजवळ अर्धे वर्ष टांगलेली असते, म्हणून तिचाच रंग सर्वांत विटलेला. एका पताकेवर पेलिकन पक्षीण स्वतःची छाती चोचीने फोडून पिलांना रक्त पाजत होती. पेलिकन असे काही करत नाही. पण जुन्या लोकांचा तसा समज होता आणि ख्रिस्ताच्या बलिदानासाठी त्यांना तेच रूपक सापडले. त्या पताकेची उलट बाजू मी मुद्दाम पाहिली. अस्तराला दोन ठिगळे, वर काठी ओवण्याचा नेफा घासून पातळ झालेला आणि कापड ताठ पडावे म्हणून खालच्या दुमडीत शिसाची चपटी वजने शिवलेली.

माझ्या वाट्याला आला तो मात्र या पंथाचा स्वतःचा ध्वज. पांढऱ्यावर लाल क्रूस म्हणजे इंग्लंडचा सेंट जॉर्ज, हे सोपे. गंमत आहे ती वरच्या निळ्या कोपऱ्यात. तेथे नऊ छोटे पांढरे क्रूस अशा रीतीने मांडले आहेत की त्यांची मिळून एक मोठी फुली व्हावी. आपल्याकडे फुली मारतात ती चुकलेल्या गणितावर. येथे ती स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूची खूण आहे आणि तिच्यात चक्क उपकाराची आठवण आहे. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर कनेक्टिकटचे सॅम्युएल सीबरी बिशपपदाची दीक्षा घ्यायला इंग्लंडला गेले. पण तेथील विधीत राजनिष्ठेची शपथ होती आणि ज्या राजाशी नुकतेच युद्ध झाले त्याची शपथ घेणार कशी? शेवटी 1784 मध्ये अ‍ॅबर्डीन येथे, राजसत्तेच्या मर्जीत नसलेल्या स्कॉटिश बिशपांनी त्यांना दीक्षा दिली. 1789 मध्ये फिलाडेल्फियात या चर्चची घटना मंजूर झाली तेव्हाचे नऊ धर्मप्रांत म्हणजे हे नऊ क्रूस. 1940 मध्ये स्वीकारलेल्या या ध्वजावर, ज्यांच्याकडून परंपरा आली ते आणि ज्यांनी अडल्या वेळी दार उघडले ते, असे दोघेही एकाच कापडावर नांदत आहेत.

त्या नवांपैकी एक क्रूस सुटून दोऱ्यावर लोंबत होता. कोणता क्रूस कोणत्या प्रांताचा, हे ध्वजावर लिहिलेले नाही. तरी बाईंचे ठाम म्हणणे, ‘हा आपल्या न्यू जर्सीचाच असणार, आमच्याकडचे काहीच धड टिकत नाही.’ यंत्राखाली तो जाड कोपरा सरकेना, म्हणून मी हातानेच बारीक टाके घातले. ध्वज वर चढल्यावर लक्षात आले की तो क्रूस किंचित डावीकडे कलला आहे. बाकांवरून ते कोणाला दिसत नाही, असे बाई म्हणतात. मला मात्र आता त्या चर्चमध्ये दुसरे काही दिसत नाही.