लालबाग ते वडाळा, पायी

आषाढीला रजा मिळाली नाही की पंढरपूर राहतं, पण वडाळा राहू द्यायचं नाही, ही मुंबईच्या गिरणगावातली रीत. वडाळ्यातल्या कात्रक रोडचं विठ्ठल मंदिर हे आमचं प्रतिपंढरपूर. इथली मूर्ती मिठागरात सापडली, असं जुनी माणसं सांगत आली आहेत.

आमची दिंडी एकादशीला पहाटे लालबागहून निघते, तरी तयारी दशमीच्या संध्याकाळी दादरच्या फुलबाजारात सुरू होते. तुळस तिथूनच घ्यावी. जुडी हातात धरून बघायची. मंजिऱ्या दाट हव्यात, पानं देठाला घट्ट हवीत. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली की सकाळी हार ओवताना वास घरभर सुटतो. बुक्का, अबीर, साखरफुटाणे वडाळ्याच्या जत्रेत मिळतात. टाळ मात्र वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नका. नाद लांबत गेला पाहिजे.

बाहेरगावाहून येणारे विचारतात, राहायचं कुठे? लॉज दादरला भरपूर आहेत. पण ओळख असेल तर गावकीच्या खोलीत उतरा. कोकणातल्या, घाटावरच्या कितीतरी गावांनी गिरण्यांच्या काळात चाळींमधून अशा खोल्या घेतल्या. रात्रपाळीवाला परतला की दिवसपाळीवाल्याने रिकामी केलेल्या जागेवर पथारी टाकायचा. आमचे आजोबा अशाच खोलीत राहिले. जेवण खाणावळीचं, आणि ती खाणावळ आमची आजी चालवायची. एकादशीला तिच्याकडे सगळ्यांना वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी. १९८२ च्या गिरणी संपानंतर माणसं गावी परतली, बऱ्याच खोल्या गेल्या. ज्या उरल्या आहेत त्या दशमीच्या रात्री अजून भरतात. पेटी, पखवाज निघतो आणि झोपायला जागा नाही म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत. या खोल्या टिकाव्यात असं मला मनापासून वाटतं.

भारतमाता सिनेमावरून परळला आलं की केईएम आणि टाटा कॅन्सर हॉस्पिटल लागतं. तिथे आम्ही टाळ हळू वाजवतो. फुटपाथवर प्लास्टिक टाकून पेशंटचे नातेवाईक झोपलेले असतात. गेल्या आषाढीला एक बाई उठून आली, मास्क लावलेल्या मुलाला पुढे केलं आणि विणेकऱ्यांच्या पायांवर त्याचं डोकं टेकवलं. विणेकरी काकांनी गळ्यातला तुळशीचा हार काढून त्याच्या गळ्यात घातला. दिंडी थोडा वेळ तिथेच उभी राहिली. दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटामधल्या पेशंटना आणि त्यांच्या माणसांना तिथे आसरा मिळतो. गाडगेबाबांनी पंढरपुरात, आळंदीत धर्मशाळा बांधल्या त्या याच भावनेने. वारीसाठी काही बाजूला काढणार असाल तर त्यातलं थोडं इथे द्या.

पुढे भोईवाडा, नायगाव. मंडळांचे चहाचे टेबल, केळी, राजगिऱ्याचे लाडू. पोटभर खायचं असेल तर नायगावातच खाऊन घ्या, एकदा वडाळ्याच्या रांगेत शिरलात की बाहेर पडता येत नाही. बीडीडी चाळीत माझी आत्या असते. १६० चौरस फुटांची खोली, पण दिंडीतला प्रत्येक जण तिच्याकडे खिचडी खाऊनच पुढे जातो. दाण्याचं कूट सढळ हाताने, वर ओलं खोबरं, लिंबाची फोड. चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत, आत्यालाही मोठं घर मिळेल. दिंडीला लिफ्टने वर न्यायची, असं तिने आत्ताच सांगून ठेवलंय.

रांग लांब असते, पाऊसही असतो. छत्रीपेक्षा इरलं किंवा साधा रेनकोट बरा, टाळ वाजवायला हात मोकळे राहतात. चपला ओळखीच्या घरी ठेवा. म्हाताऱ्यांना रांग झेपत नसेल तर कळसाला हात जोडावेत, वारकऱ्यांत तेही दर्शनच मानतात.

दर्शनानंतर हार्बरने घरी जाणारे वडाळा स्टेशन गाठतात. आम्ही चालतच दादरला येतो आणि प्रकाश उपाहारगृहात साबुदाणा वडा, पीयूष घेतो. उपास द्वादशीला सुटतो, गावकीच्या खोलीत, वरणभातावर. तुम्ही एकटे आला असाल तर तसं सांगा, पान वाढलं जाईल.