पोरं झोपलेली नसतात

‘नवऱ्याने मारलं तेव्हा पोरं झोपली होती’ असं आई सांगते, तेव्हा तिला ते खरंच वाटत असतं. पण दहा बाय बाराच्या खोलीत पोर जागंच असतं. डोळे गच्च मिटलेले, पांघरूण तोंडावर, एक हात धाकट्याच्या कानावर. जिन्यावर चप्पल कशी वाजली यावरून आज काय होणार हे त्याने आधीच ओळखलेलं असतं. (टॉवरमधल्या फ्लॅटमध्येही बंद दारामागून सगळं ऐकू येतं.)

सकाळी ते काही बोलत नाही. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, शाळेच्या वेळेला पोट दुखतं. चार-पाच वर्षांचं मूल ‘मी दूध सांडलं म्हणून बाबांनी आईला मारलं’ असा हिशेब लावतं. थोडं मोठं मूल वर्गात मारामाऱ्या करतं, नाहीतर घरातलं कर्तं माणूस होऊन बसतं. या शहाण्या पोराची तक्रार कुणीच करत नाही. आम्हाला काळजी त्याचीच जास्त वाटते.

कारण मध्ये पडतं ते हेच, आणि मार बसतो तोही यालाच. म्हणून घर शांत असताना त्याला स्पष्ट सांगा: आईला सोडवणं तुझं काम नाही. ओट्याकडे जायचं नाही, तिथे सुरी असते, गॅस असतो. धाकट्याला घेऊन थेट दाराबाहेर, ठरलेल्या काकूंकडे. काकूंशी आधीच बोलून ठेवा. नाहीतर ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून ऐन वेळी दार उघडत नाही. फोन लॉक असला तरी तातडीच्या मदतीचा ११२ नंबर लागतो. चाळीचं नाव, मजला, खोली नंबर एका दमात सांगायचा सराव करून घ्या. मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ही पाठ असू द्या.

नंतर ‘तूच सांग, चूक कोणाची?’ असं मुलाला कधीच विचारू नका. ‘तुझ्यामुळे झालं नाही’ एवढं सांगा, आणि पुन्हापुन्हा सांगा. एकदा सांगून त्याला पटत नाही.

घर सोडावं लागलं तर मुलाचा तात्पुरता ताबा २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली मागता येतो. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ हे समुपदेशन केंद्र सुरू झालं, ते घरात मार खाणाऱ्या बायकांसाठीच. जखम दाखवायला कुठल्याही दवाखान्यात गेलात, तरी मारहाणीच्या वेळी मूल खोलीत होतं हे डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.