लाओबान, कोल्हापुरी चपला आणि शंभर ग्रॅम हळद

सांगलीत आमचा हळद पावडरीचा छोटा कारखाना आहे. २०१९ पर्यंत शंभर ग्रॅमची पाकिटं बायका हातानं भरायच्या आणि पायानं दाबायच्या सीलरवर बंद करायच्या. ऑर्डरी वाढल्या, हात कमी पडायला लागले. पाउच पॅकिंग मशीन इथं बघितलं तर बजेटबाहेर, म्हणून चीनचा विचार आला. गळ्यात तुळशीची माळ, मांसाहार नाही, दारू नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही, आणि इंग्रजी कामापुरतं. घरच्यांना वाटलं, हा आठ दिवस उपाशी राहून परत येणार.

दक्षिण चीनमधल्या ग्वांगझौ शहरात कँटन फेअर हे मोठं व्यापार प्रदर्शन १९५७ पासून भरतं, वर्षातून दोनदा. शरद ऋतूच्या फेरीचा पहिला टप्पा १५ ते १९ ऑक्टोबर, त्यात यंत्रसामग्री असते. निमंत्रण पत्र मागवलं, मुंबईतल्या केंद्रात एम व्हिसाचा, म्हणजे व्यापाराच्या व्हिसाचा अर्ज दिला आणि बँकॉकमार्गे पोचलो. तिथल्या वायफायवर गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडत नाही, त्यामुळे वीचॅट, म्हणजे त्यांचं मेसेजचं अ‍ॅप, इथूनच टाकून नेलं होतं. दुभाषी म्हणून एक तरुण मुलगी ठरवली होती. या सगळ्या प्रकरणात सर्वांत चांगले पैसे कुठं खर्च झाले असतील तर तिच्या फीवर.

तिनं पहिल्याच संध्याकाळी मला वाचवलं. मी मालकासाठी भेट म्हणून कोल्हापुरी चपला नेल्या होत्या, अस्सल, हातानं शिवलेल्या. पिशवी उघडून कौतुकानं दाखवल्या, तर तिचा चेहरा पडला. म्हणाली, "सर, हे नको." चिनीत बुटाला किंवा चपलेला जो शब्द आहे, तोच उच्चार 'अशुभ, वाईट' या अर्थाच्या शब्दाचाही आहे. घड्याळ नको, कारण 'घड्याळ देणं' हे बोलायला 'शेवटच्या घटकेला सोबत करणं' असं ऐकू येतं. छत्री नको, तिचा उच्चार ताटातुटीसारखा. मग मी तासगावच्या बेदाण्याचे डबे काढले. तेही नेमके चार! चारचा उच्चार मरणाजवळ जातो. आमच्या हॉटेलच्या लिफ्टमध्ये चौथा आणि चौदावा मजला नव्हताच, हे मला तेव्हा कळलं. शेवटी दोन डबे मालकांना द्यायचे ठरले, दोन बॅगेत राहिले. चपला मी परत आणल्या, अजून वापरतोय.

फेअरमध्ये तीन दिवस पाय तुटेपर्यंत फिरलो. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं, क्षणभर वाचायचं आणि मागच्या खिशात कोंबायचं नाही, एवढं दोन तासांत अंगवळणी पडलं. एक मशीन पसंत पडलं. कारखाना शेजारच्या फोशान शहरात होता. ग्वांगझौची मेट्रो थेट तिथवर जाते, पण त्यांनी गाडी पाठवली.

कारखान्यात मालकांना सगळे 'लाओबान' म्हणत होते, म्हणजे आपले 'मालक' किंवा 'शेठ'. मीही तेच म्हणू लागलो. भाव काढण्याऐवजी त्यांनी आधी चहाच्या मेजाशी बसवलं. बोटभर पेले, पुन्हा पुन्हा भरले जाणारे. ग्वांगडोंगमध्ये, म्हणजे त्या प्रांतात, कुणी चहा ओतला की दोन बोटं मेजावर हलकेच ठोकायची, तेच 'आभारी आहे'. पाऊण तास मुलं किती, आई-वडील आहेत का, सांगली समुद्रापासून किती लांब, यातच गेला. मी मनातून चुळबुळत होतो. आज वाटतं, सौदा त्याच पाऊण तासात सुरू झाला होता, मला कळलं नव्हतं एवढंच.

मग ट्रायल. हळदीचा नमुना आम्ही कुरिअरनं आधीच पाठवला होता. पहिल्या दिवसापासून मी एकच प्रश्न विचारत होतो, "हळदीला चालेल ना?" आणि उत्तर यायचं, "मेइ वन्ती", काही अडचण नाही. मशीन सुरू झालं. मी काट्यावर पाकीट ठेवलं, ९६ ग्रॅम. दुसरं १०४. तिसरं ९५. आमच्याकडं कसं करतो तसंच मी केलं. एकेक पाकीट काट्यावर आपटत, मोठ्यानं आकडा वाचत, लाओबानसमोर, दहा कामगारांसमोर. मशीन चालवणारा इंजिनियर पोरगा मान खाली घालून उभा. लाओबान हसले आणि म्हणाले, "चला, चहा घेऊ." मला वाटलं, मुद्दा पोचला.

पोचला होता, पण भलत्याच ठिकाणी. संध्याकाळी भाव विचारला तर "अभ्यास करून सांगतो." दुसऱ्या दिवशी "विचार करतो." दुभाषीला म्हटलं, विचार करताहेत म्हणजे चांगलंच की! ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, 'विचार करतो' म्हणजे बहुतेक नाही." इथं तोंडावर 'नाही' म्हणणं म्हणजे समोरच्याचा आणि स्वतःचाही चेहरा उतरवणं. त्या चेहऱ्याला ते 'म्येनझ' म्हणतात. मी इंजिनियरचा उतरवला होता, आणि तो लाओबानचा माणूस, म्हणजे त्यांचाही. मला रागच आला. काटा खोटं बोलतो का? पण मग आठवलं, आपल्याकडंही मुलगी नापसंत असली तर "पत्रिका जुळत नाही" असंच कळवतात की.

त्या रात्री जेवणाचं आमंत्रण मात्र कायम होतं. वेगळी खोली, गोल टेबल, मध्ये फिरती काचेची चकती. मी पंगतीच्या सवयीनं, नम्रपणे, दाराजवळच्या खुर्चीत बसायला गेलो तर तिघंजण धावले. दाराकडे तोंड असलेल्या बाजूला यजमान आणि त्यांच्या उजवीकडे मुख्य पाहुणा. दाराकडे पाठ असलेली जागा सगळ्यांत धाकट्याची. बायज्यो नावाची त्यांची दारू बऱ्याचदा पन्नास टक्क्यांच्या वर कडक, आणि 'गानबेई' म्हटलं की पेला रिकामा करायचा. मी माळेला हात लावून दाखवला. लाओबाननी विचारलं, बुद्धाचे का? दुभाषीनं काय समजावलं कोण जाणे, पण वारकरी म्हणजे काय हे तिला चिनीत सांगता आलं असेल तर तिला साष्टांग नमस्कार. लाओबान एकदम खुलले. त्यांची आई दर चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहारी जेवते. आपल्या एकादशीसारखंच. बौद्ध शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे माझी मागणी तिथल्या आचाऱ्याला नवीन नव्हती. 'दारूऐवजी चहा' अशी रीतसर म्हण त्यांच्याकडं आहे, "यी छा दाय ज्यो". ती म्हणून मी चहाचा पेला उचलला. फक्त पेला भिडवताना त्यांच्या पेल्यापेक्षा जरा खाली धरायचा, एवढं सांभाळलं. काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. तसा भात त्यांच्याकडं मृताच्या उदबत्त्यांसारखा दिसतो, आणि पिंडाचा भात आपण ओळखतोच.

टेबलावर उत्तरेकडचे, हपेई प्रांतातले एक वयस्क हिशेबनीस होते. मी भारतातला म्हटल्यावर ते आनंदानं "के दीहुआ, के दीहुआ" म्हणू लागले. मी बावळटासारखा हसलो. मग कळलं, आमच्या शेजारच्या जिल्ह्याचे, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून तिकडं गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले. त्यांचं स्मारक शिच्याच्वांगला आहे. आपल्या माणसाचं चिनी नाव मला चिनी माणसानं सांगितलं, याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेदाण्याच्या उरलेल्या दोन डब्यांतला एक घेऊन मी इंजिनियरला गाठलं. एकट्याला, शेडच्या मागं. त्यानं दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतला. डबा उघडला नाही. समोर उघडत नाहीत. मग चहाच्या मेजावर मी प्रश्न उलटा टाकला. "आमची हळद तेलकट असते, चिकटते. हळदीचाच दोष आहे. तुमच्या मते मशीनमध्ये काय बदलावं?" पोरगा दहा मिनिटं बोलत होता. हॉपरमध्ये, म्हणजे हळद ओततात त्या भांड्यात, ढवळणारा पंखा हवा, हळद पुढं ढकलणारा ऑगरचा स्क्रू वेगळ्या मापाचा हवा. त्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. 'चालेल का' विचारलं की 'चालेल' हेच उत्तर येणार. 'काय बदलावं' विचारलं की खरं बाहेर येतं.

दुपारी भाव आला, थोडा वरचढ पण पंख्यासह. तीस टक्के आधी, सत्तर माल चढण्यापूर्वी. करारावर मी लाओबानची सही मागत होतो, तर सगळे गोल लाल शिक्का शोधत होते. तिकडं वजन कंपनीच्या शिक्क्याला, सहीला नंतर. पानं किंचित सरकवून सगळ्यांच्या कडांवर मिळून एक शिक्का मारतात, म्हणजे मधलं पान बदलता येत नाही. पैसे मी फक्त कंपनीच्या नावाच्या खात्यावर पाठवले. व्यक्तीच्या खात्यावर पाठवून हात पोळलेले लोक मला फेअरमध्येच भेटले होते.

एक चूक मात्र राहिलीच. "नवीन वर्षाच्या आधी पाठवू" असं ठरलं. मी १ जानेवारी धरून बसलो. त्यांचं नवीन वर्ष २५ जानेवारी २०२० ला होतं. डिसेंबरभर मी चिडून मेसेज टाकत होतो आणि ते शांतपणे "वेळेवर चाललंय" म्हणत होते. दोघंही खरे. मशीन जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जहाजावर चढलं. २३ तारखेला कोरोनामुळं वुहान बंद झालं. चार दिवस उशीर झाला असता तर कामगार गावी गेलेले, कारखाना बंद, आणि मशीन फोशानमध्येच.

बसवायला इंजिनियर येणार होता. आता कसला येतोय? फेब्रुवारीच्या शेवटी न्हावा शेव्यावरून मशीन सांगलीत आलं आणि वीचॅटवर व्हिडिओ लावून आम्ही दोघांनी ते जोडलं. तो हुनानमधल्या आपल्या गावी अडकलेला, जाड जाकीट घालून, मागं कोंबड्यांचा आवाज. भाषांतर वीचॅटच करत होतं, जमेल तसं. रोज पहिला प्रश्न एकच, "नी छ ल मा?" म्हणजे जेवलास का. आमच्या घरी येणाऱ्यालाही हेच विचारतात, त्यामुळे भाषांतराची गरज लागली नाही.

चौथ्या दिवशी हळद भरली. मी काटा कॅमेऱ्यासमोर धरला आणि आकडे हळू आवाजात वाचले. १००. १०१. १००. ९९. शेवटच्यावर मी थांबलो. तो हसला आणि म्हणाला, "छा बू दुओ." चालतंय, जवळपास तेवढंच. मग त्यानं मागं वळून आईला हाक मारली आणि बेदाण्याचा डबा कॅमेऱ्यासमोर धरला. अर्धा संपला होता.