मोर्चाच्या आधीचं काम

आज दिवसभर विडी कामगार बायकांची पीएफची कागदपत्रं तपासली. घोषणा देणारा पुढारी सगळ्यांना दिसतो, पण कामगाराची अर्धी लढाई या कागदांत अडकलेली असते.

कारखान्याच्या कार्डावर माहेरचं तेलुगू आडनाव, आधारवर सासरचं. सोलापूरच्या पूर्व भागात हे घरोघरी. नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही की 58 व्या वर्षी पेन्शनचा अर्ज परत येतो. दुरुस्तीचं जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे कामगार आणि मालक दोघांच्या सहीचा अर्ज, कारखाना चालू आहे तोवरच भरून घ्यायचं. बंद पडल्यावर मालकाच्या सहीसाठी कुठं फिरणार? सेवा 10 वर्षं भरते का, तेही बघायचं. कमी पडली तर महिन्याची पेन्शन नाहीच.

छाटाचंही, म्हणजे खराब ठरवून मजुरीतून कापलेल्या विड्यांचंही, तसंच. तेंदूपान वाळकं-फाटकं आलं की दिलेल्या वजनात हजार विड्या बसत नाहीत, बाई पदरच्या पैशानं पान आणते, वर छाट कापतात ते वेगळंच. कामगारांच्या प्रतिनिधीनं पान वाटतानाच हजर राहून पानांचा पुडा सोडायला लावावा. विड्या वळून झाल्यावर खराब पानाचा पुरावा उरत नाही.

उद्या येताना कार्ड, आधार, पासबुक तिन्ही आणा. झेरॉक्स नको, मूळ कागद.