पडून राहिलेला जनरेटर पुन्हा चालू करताना

भारनियमनाच्या काळात घेतलेला आमचा दोन केव्हीएचा जनरेटर, वीज नियमित मिळू लागल्यावर, मागच्या पडवीत पोत्याखाली गेला आणि कित्येक वर्षे तिथेच राहिला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात दापोली तालुक्यात विजेचे खांब आडवे झाले, विहिरीवरचा पंप बंद पडला, आणि मग ते पोते उचलावे लागले.

अशा यंत्राची दोरी लगेच ओढू नये, असे माझे ठाम मत आहे. आत पिस्टन धरलेला असला, तर जोर लावून रिंगा आणि सिलिंडर दोन्ही खराब होतात. म्हणून प्रथम इंजिनाचा स्पार्क प्लग काढून त्या छिद्रातून थोडे इंजिन ऑइल सोडले, रात्रभर मुरू दिले आणि सकाळी प्लग न लावताच दोरी अगदी सावकाश ओढली. इंजिन अडखळले, पण फिरले. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने काथ्याचे घर केले होते, तेही याच वेळी सापडले. जुने काळे ऑइल काढून नवे भरले आणि प्लग घासून त्याची फट सुमारे ०.७ मिलिमीटर ठेवली.

खरा वेळ खाल्ला तो पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरने. टाकीतले जुने पेट्रोल आंबूस वासाचे झाले होते, आणि कार्बोरेटरमधल्या इंधन साठणाऱ्या फ्लोटच्या वाटीत त्याचा फणसाच्या चिकासारखा पिवळट थर बसला होता. इंधन सोडणाऱ्या मुख्य जेटचे छिद्र इतके बारीक असते की तेवढ्या थराने ते पूर्ण बुजते. त्यात सुई किंवा टाचणी घातली की छिद्र मोठे होऊन मिश्रण कायमचे बिघडते, म्हणून कार्बोरेटर क्लीनर आणि तांब्याच्या वायरीतील एकच पातळ तार एवढ्यावरच भागवले. इंधनाची रबरी नळी बोटांनी दाबताच तडकली, ती बदलली. हा जनरेटर मुळात पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचा. पण आता रॉकेल आणायचे कुठून? त्याचा कॉक बंद करून टाकला, कारण असे इंजिन निव्वळ पेट्रोलवरही चालते.

चोक ओढून दोरीला झटके दिले, तेव्हा इंजिन धुराचा लोट सोडत सुरू झाले. मात्र सॉकेटवर मल्टिमीटर लावला, तर जेमतेम दोन-तीन व्होल्ट! इंजिन चालते म्हणजे वीज येतेच असे नाही. जनरेटरच्या फिरत्या भागाच्या, म्हणजे रोटरच्या, लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वावर वीजनिर्मितीची सुरुवात होते, आणि बरीच वर्षे पडून राहिल्यावर ते कधी कधी नाहीसे होते. ओळखीच्या वायरमनदादांनी इंजिन बंद करून व्होल्टेज नियंत्रित करणाऱ्या एव्हीआरची जोडणी सोडवली, रोटरला वीज पोहोचवणारे ब्रश आणि स्लिपरिंग पुसले, एव्हीआरच्या धन-ऋण खुणांप्रमाणे १२ व्होल्टच्या बॅटरीच्या तारा ब्रशना काही क्षण लावल्या आणि सर्व पूर्ववत जोडले. पुढच्या खेपेस काटा थेट २३० च्या आसपास गेला.

लगेच पंप लावला नाही. आधी साध्या बल्बांवर जनरेटर बराच वेळ चालू ठेवला, म्हणजे वाइंडिंगमधली ओलही वाळते. इंजिनाचे फेरे मिनिटाला तीन हजार असले की पन्नास हर्ट्झ मिळतात; रिकाम्या इंजिनाचे फेरे किंचित जास्त असावेत, कारण भार पडताच ते उतरतात. मग अर्धा अश्वशक्तीचा पंप एकटाच सुरू केला. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते, त्यामुळे फ्रिज आणि पंप एकाच वेळी चालू करायचे नाहीत, असे घरात सर्वांना सांगून ठेवले.

यंत्र अंगणातच, दारे-खिडक्यांपासून लांब ठेवले, कारण धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरातल्या सॉकेटमधून उलटी वीज सोडण्याची सूचना शेजाऱ्यांनी केली होती. ती मी मानली नाही, कारण ती वीज बाहेरच्या तारांत जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतू शकते. पंप स्वतंत्र वायरीने थेट जनरेटरला जोडला आणि घराला एका वेळी बाहेरची किंवा जनरेटरची एकच वीज जोडणारा चेंजओव्हर स्विच दुकाने उघडल्यावर बसवून घेतला. आता यंत्र ठेवताना इंधनाचा कॉक बंद करून, इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवतो आणि टाकीही रिकामी करतो.