सीपॅपऐवजी जबड्याचं उपकरण: मापापासून दुसऱ्या स्लीप टेस्टपर्यंत

झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडकतो, त्या स्लीप अ‍ॅप्नियावर सीपॅप म्हणजे मास्कमधून दाबाने हवा सोडणारं यंत्र देतात. त्याचा मास्क ज्यांच्या तोंडावर रात्रभर टिकत नाही, त्यांच्यासाठी दातांवर बसवायचं उपकरण हा खरा पर्याय आहे. मी तोच घेतला. मात्र उपकरण हातात आलं की निम्मंच काम होतं. उरलेलं निम्मं म्हणजे ते थोडं थोडं पुढे सरकवणं आणि मग पुन्हा मोजणं. लोक नेमके तिथेच थांबतात.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते आणि श्वासाची वाट बंद होते. उपकरण खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवतं, त्याबरोबर जीभही पुढे येते आणि वाट मोकळी राहते. हवेचा दाब नाही, वीज नाही. पावसाळ्यात गोव्यातल्या सत्तरी-सांगे भागात रात्री वीज गेली की सीपॅप बंद पडतो, याला त्याचं काही नाही. पण श्वास अडकण्याचा आकडा खाली आणण्यात सीपॅपच सरस, हे आधीच कबूल करून टाकावं.

सुरुवात दंतवैद्याकडून होत नाही. आधी स्लीप टेस्ट, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, आणि झोपेचे विकार पाहणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी. रिपोर्टमध्ये एएचआय बघायचा, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. उपकरणाचा उपयोग सौम्य-मध्यम गटात जास्त. मेंदूकडूनच श्वासाचा आदेश येत नसेल, म्हणजे सेंट्रल प्रकार असेल, तर याचा उपयोग नाही. रिपोर्टमधला ‘उताणं’ आणि ‘कुशीवर’ हा वेगळा आकडाही बघून ठेवा, पुढे लागतो. गोव्यात या कामासाठी बहुतेकांची पहिली धाव बांबोळीला. गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आणि दंत महाविद्यालय दोन्ही तिथेच. खासगीत जायचं तर ‘अ‍ॅप्नियाची उपकरणं करता का, आणि नंतर अ‍ॅडजस्टमेंट कोण करणार?’ हे फोनवरच विचारून घ्यावं.

दंतवैद्य आधी दात मोजतात. वर आणि खाली किमान आठ-दहा धड दात हवेत, हलणारे नकोत. हिरड्या, जबड्याचा सांधा, एक्स-रे हे सगळं तपासतात. किडलेले दात आणि कॅप यांचं काम आधीच उरकून घ्यावं. नंतर कॅप बसवली तर दाताचा आकार बदलतो आणि उपकरण बसेनासं होतं.

मग माप. स्कॅनर नसेल तर ट्रेमध्ये अल्जिनेट (ठशाचा मऊ लगदा) भरून ठसा घेतात. उमासे येत असतील तर मान किंचित पुढे झुकवून नाकाने श्वास घ्यायचा. ठशात प्लास्टर लगेच ओतावं लागतं, नाहीतर पाणी उडून तो आकसतो आणि उपकरण नीट बसत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं माप जबड्याच्या पुढे-मागे हालचालीचं. जॉर्ज गेज नावाची पट्टी दातांत धरून जबडा पूर्ण मागे आणि मग पूर्ण पुढे न्यायला लावतात. समजा मागे उणे ४ आणि पुढे अधिक ८ आलं, तर एकूण पल्ला १२ मिलिमीटर. सुरुवात साधारण ५० ते ७० टक्क्यांवर करतात. ६० टक्के म्हणजे ७.२, आणि ते मागच्या टोकापासून मोजायचे, म्हणून पट्टीवर अधिक ३.२. एकूण पल्ला ५ मिलिमीटरच्या आसपासच असेल तर पुढे सरकवायला जागाच उरत नाही.

उपकरण आल्यावर ते बोटांनी काढता यावं, पण जिभेने ढकलून सुटू नये. एखादाच दात दुखत असेल तर तिथलं प्लास्टिक, म्हणजे अ‍ॅक्रिलिक जास्त दाबतंय. ते दंतवैद्याकडूनच घासून घ्यायचं, घरी कानस चालवू नका. सुरुवातीला लाळ फार सुटते. उशीवर टॉवेल टाका, काही दिवसांत ती आटोक्यात येते.

जबडा पुढे सरकवायला उपकरणात स्क्रू असतो. काही उपकरणांत त्याचा पाव फेरा म्हणजे ०.२५ मिलिमीटर, पण बनावटीप्रमाणे हा आकडा बदलतो. आपला विचारून लिहून ठेवावा. दोन्ही बाजूंना स्क्रू असतील तर दोन्हीकडे सारखेच फेरे, नाहीतर जबडा वाकडा ओढला जातो आणि एकाच बाजूचा सांधा दुखतो. फेऱ्यांची नोंद तारखेसह ठेवावी. सकाळी सांध्यात कळ असेल तर पुढे जायचं नाही, एक पायरी मागे यायचं.

उपकरण काढल्यावर मागचे दात टेकत नाहीत असं वाटतं. दाढांमध्ये कागदाची पट्टी धरून ओढा. सहज निसटली तर चावा अजून जागेवर आलेला नाही. सकाळच्या उंड्याचा (गोव्यातल्या पावाचा) कडक पापुद्रा तेव्हा चावायला जाऊ नका. चावा जागेवर आणायला दिलेली छोटी सकाळची पट्टी काही मिनिटं चावून धरायची आणि मग पुन्हा कागद. दुपारपर्यंत फरक राहत असेल तर दंतवैद्याला दाखवा. वर्षानुवर्षं वापरल्यावर वरचे पुढचे दात थोडे मागे आणि खालचे पुढे सरकतात. कुणी ‘काही होत नाही’ म्हणालं तर ते खरं नव्हे.

धुवायचं गार पाण्याने, मऊ ब्रशने. गरम पाण्याने अ‍ॅक्रिलिक वाकतं आणि टूथपेस्टने ओरखडे पडतात. आपल्याकडच्या दमट हवेत ओलं उपकरण डबीत बंद केलं की वास मारायला लागतो, म्हणून आधी वाळवायचं आणि डबीला भोकं हवीत. झोपण्यापूर्वी फेणी घेतली तर स्नायू आणखी सैल पडतात, त्या रात्रीचा हिशोब धरू नये.

घोरणं थांबलं की घरचे खूश होतात. पण आवाज गेला तरी श्वास अडकत असू शकतो. म्हणून उपकरण तोंडात घालून पुन्हा स्लीप टेस्ट करायचीच. कुशीवरचा आकडा ५ च्या खाली आणि उताणं झोपल्यावर अजून जास्त, असा रिपोर्ट आला तर उताणं होऊ न देणारा पाठीचा पट्टा जोडीला देतात, किंवा सांधा साथ देत असेल तर अजून थोडं पुढे सरकवतात. तरीही आकडा चढाच राहिला तर सीपॅपकडे परत, किंवा दोन्ही एकत्र. त्यानंतर पहिल्या वर्षी सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी तपासणी. दाताचं कुठलंही नवं काम असो, उपकरण आणि स्क्रूची किल्ली बरोबर न्यायची.